रेषीय समीकरणे : उकल काढणे आणि ताळा घेणे

शून्यछेद (धागाकर्ता)

एकसामयिक रेषीय समीकरणे सोडवण्याच्या पद्धती सगळीकडे सविस्तर दिलेल्या असतात. ताळा मात्र "किमती ठेवून पाहा" एवढ्यावर उरकतात. त्या किमती कुठे ठेवायच्या आणि ताळा जुळला म्हणजे नेमके काय सिद्ध झाले, हे कुणी सांगत नाही. त्यासाठी हा धागा. चलांना क्ष, य, झ म्हणू.

३क्ष + ४य = १० … (१)
५क्ष − २य = ८ … (२)

इथे य चा लोप सोपा आहे. (२) ला २ ने गुणले की १०क्ष − ४य = १६. हे (१) मध्ये मिळवले की १३क्ष = २६, म्हणून क्ष = २. ही किंमत (१) मध्ये ठेवली की ६ + ४य = १०, म्हणून य = १.

आता हेच उदाहरण सर्वांत जास्त आढळणाऱ्या चुकीसह करू. (२) ला २ ने गुणताना डावी बाजू गुणली, उजवीकडचे ८ तसेच राहिले. मग १३क्ष = १८, क्ष = १८/१३, आणि (१) वरून य = १९/१३. ताळा (१) मध्ये घेऊ: ५४/१३ + ७६/१३ = १३०/१३ = १०. जुळला. उत्तर चूक असूनही जुळला.

कारण सरळ आहे. य ची किंमत (१) वरूनच काढली, म्हणजे (१) खरे ठरेल अशीच ती निवडली गेली. क्ष च्या जागी ५०० घेतले असते तरी (१) जुळलेच असते. ज्या समीकरणातून शेवटचे चल काढले, तिथला ताळा फार तर त्या शेवटच्या पायरीची आकडेमोड तपासतो. क्ष बरोबर आहे की नाही याबद्दल तो अवाक्षर काढत नाही.

(२) मध्ये ठेवून पाहा: ९०/१३ − ३८/१३ = ५२/१३ = ४. हवे होते ८. चूक सापडली, आणि हा ४ चूक कुठे झाली तेही सांगतो. हव्या त्या संख्येच्या बरोबर निम्मे आले, कारण आपण नकळत ५क्ष − २य = ४ हे समीकरण सोडवले. ताळा जुळला नाही की लगेच सगळे खोडू नका. डावी बाजू किती आली ते आधी बघा.

---

रेषाखंड
*लोप करतानाची चिन्हे*

सहमत. लोप पद्धतीत गुणाकारापेक्षा वजाबाकीत जास्त उत्तरे बुडतात, म्हणून त्यावर थोडे.

१२क्ष + ७य = ४५
१८क्ष − ५य = २१

क्ष चा लोप करताना पहिल्याला १८ ने आणि दुसऱ्याला १२ ने गुणू नका. १२ आणि १८ चा लसावि ३६, म्हणून ३ ने आणि २ ने पुरते:

३६क्ष + २१य = १३५
३६क्ष − १०य = ४२

वजाबाकीत २१य − (−१०य) = ३१य, उजवीकडे ९३, म्हणून य = ३, आणि मग क्ष = २. घाईत इथे ११य = ९३ होते आणि य = ९३/११ असा अपूर्णांक येतो. माझे ठाम मत असे की वजाबाकी करूच नये. दुसऱ्या समीकरणाला २ ऐवजी −२ ने गुणा: −३६क्ष + १०य = −४२. आता नुसती बेरीज उरते. चिन्ह बदलण्याचे काम गुणाकाराच्या वेळीच होते आणि तेव्हा प्रत्येक पदाकडे आपले लक्ष असते. बेरीज-वजाबाकीच्या ओळीत तसे ते नसते.

अपूर्णांक आला म्हणजे चूकच, असे मात्र समजू नका. नीटनेटके उत्तर ही उदाहरण रचणाऱ्याची सोय असते.

सहगुणकांची अदलाबदल असेल तर मोठे गुणाकार टाळता येतात:

२३क्ष + २९य = ६३
२९क्ष + २३य = ९३

बेरीज: ५२क्ष + ५२य = १५६, म्हणजे क्ष + य = ३. दुसऱ्यातून पहिले वजा: ६क्ष − ६य = ३०, म्हणजे क्ष − य = ५. क्ष = ४, य = −१. ताळा: ९२ − २९ = ६३; ११६ − २३ = ९३.

---

पडताळा
*मूळ समीकरण कोणते?*

छेद असले की आधी आपण ते घालवतो. मग ताळा छेद घालवलेल्या समीकरणात घेतला तर चालेल का? तिथे आकडेमोड कमी पडते.

---

शून्यछेद
*छेदासकटचे, तेच मूळ*

नाही चालणार. हे पाहा:

(क्ष + १)/२ − (य − २)/३ = १
क्ष + य = ३

पहिल्याला ६ ने गुणले की ३(क्ष + १) − २(य − २) = ६. कंस सोडवले की ३क्ष + ३ − २य + ४ = ६, म्हणजे ३क्ष − २य = −१. दुसऱ्यासोबत सोडवून क्ष = १, य = २.

दुसऱ्या कंसात −२ × −२ = +४ ऐवजी −४ लिहिले गेले तर ३क्ष − २य = ७ होते, आणि क्ष = १३/५, य = २/५. ३क्ष − २य मध्ये ठेवा: ३९/५ − ४/५ = ७. जुळते. क्ष + य = ३ हेही जुळते. दोन्हीकडे ताळा घेतला, दोन्हीकडे जुळला, उत्तर तरी चूक! छेदासकटच्या समीकरणात ठेवले तर ९/५ + ८/१५ = ७/३ येते, १ येत नाही. चूक ताळ्याच्या जागेच्या आधी झाली असेल तर तो ताळा ती पकडू शकत नाही. म्हणून प्रश्नात जसे छापले आहे त्याच रूपात किमती ठेवायच्या. वहीत उतरवून घेतलेल्या समीकरणावरही विसंबू नये, कारण उतरवतानाच चिन्ह बदलले असू शकते.

छेदात चल असेल तर आणखी एक गोष्ट बघावी लागते:

३/क्ष + २/य = ४
५/क्ष + १/य = २

१/क्ष = म, १/य = न मानले की ३म + २न = ४ आणि ५म + न = २. दुसऱ्याची दुप्पट करून पहिले वजा केले की ७म = ०. म = ०, न = २. म आणि न च्या समीकरणांत ताळा उत्तम जुळतो. पण १/क्ष = ० होईल अशी क्ष ची किंमतच नाही. मूळ जोडीला उकल नाही, हेच उत्तर.

---

तिसरीओळ
*तीन चले आणि बेरजेचा स्तंभ*

तीन चलांत ताळा शेवटी घेऊन भागत नाही. चूक निघाली तर दहा-बारा ओळी मागे जावे लागते. हाताने करताना प्रत्येक ओळीसोबत चालणारा ताळा हवा.

उदाहरण जुनेच घेते. चीनमधल्या 'गणितकलेची नऊ प्रकरणे' या सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रंथाच्या आठव्या प्रकरणातले हे पहिले उदाहरण. त्यात तीन दर्जांच्या धान्याच्या पेंढ्यांपासून किती धान्य निघते ते काढायचे आहे. आज ज्या पद्धतीला गाउसचे नाव आहे तीच तिथे पटावर काड्या मांडून केली आहे.

३क्ष + २य + झ = ३९
२क्ष + ३य + झ = ३४
क्ष + २य + ३झ = २६

फक्त सहगुणक आणि उजवी बाजू मांडा. शेवटी एक जादा स्तंभ काढा आणि त्यात त्या ओळीतल्या सगळ्या संख्यांची बेरीज लिहा. क्ष चा सहगुणक १ असलेली ओळ वर घेतली की अपूर्णांक लांबणीवर पडतात:

ओ१ : १  २  ३ | २६ | ३२
ओ२ : २  ३  १ | ३४ | ४०
ओ३ : ३  २  १ | ३९ | ४५

ओळीवर जी क्रिया कराल तीच बेरजेच्या स्तंभावरही करायची. नंतर ओळीची बेरीज नव्याने करून दोन्ही जुळतात का पाहायचे.

ओ२ − २ओ१ : ०  −१  −५ | −१८ | ४० − ६४ = −२४. ओळीची बेरीज: −१ − ५ − १८ = −२४. जुळली.
ओ३ − ३ओ१ : ०  −४  −८ | −३९ | ४५ − ९६ = −५१. ओळीची बेरीज −५१. जुळली.
आता नव्या ओ३ मधून नव्या ओ२ ची चौपट वजा : ०  ०  १२ | ३३ | −५१ + ९६ = ४५. आणि १२ + ३३ = ४५.

झ = ३३/१२ = ११/४. मग य = १८ − ५५/४ = १७/४, आणि क्ष = २६ − ३४/४ − ३३/४ = ३७/४.

−८ + २० लिहिताना −२८ झाले असते तर ओळीची बेरीज ५ आली असती आणि स्तंभात ४५ असते. चूक त्याच ओळीवर थांबली असती.

शेवटचा ताळा तरीही हवाच. क्ष पहिल्या ओळीतून, म्हणजे क्ष + २य + ३झ = २६ मधून काढला, म्हणून ते समीकरण काही सांगणार नाही. बाकीची दोन: १११/४ + ३४/४ + ११/४ = १५६/४ = ३९, आणि ७४/४ + ५१/४ + ११/४ = १३६/४ = ३४.

---

रेषाखंड
*बेरजेच्या स्तंभाला न दिसणाऱ्या चुका*

स्तंभ उपयोगी आहेच, पण त्याच्या मर्यादा माहीत असाव्यात. एकाच ओळीतल्या दोन संख्यांची जागा बदलली (−१, −५ च्या जागी −५, −१) तर बेरीज तीच राहते. सुरुवातीलाच चुकीचा आकडा उतरवला तर त्या चुकीसकट सगळे जुळत जाते.

तिसरी चूक सगळ्यात फसवी. दोन ओळींवर एकाच वेळी क्रिया करून दोन्हीकडे जुन्याच ओळी वापरणे:

२क्ष + य = ५
क्ष + य = ३

ओ१ च्या जागी ओ१ − ओ२ लिहिले: क्ष = २. त्याच दमात ओ२ च्या जागी (जुनी) ओ२ − (जुनी) ओ१ लिहिले: −क्ष = −२. आकडेमोड बरोबर, बेरजेचे स्तंभ बरोबर, पण दोन समीकरणांचे एकच झाले. आता "क्ष = २, य काहीही" अशा अनंत उकली दिसतात. खरी उकल एकच आहे, (२, १). एक ओळ बदलली की पुढच्या क्रियेत तिचे नवे रूपच वापरायचे, हा नियम मोडू नये.

चुकून अनंत उकली आल्याची शंका असेल तर एखादी उकल उचलून मूळ समीकरणात ठेवा. (२, ७) घेतले तर ४ + ७ = ११, ५ नाही.

---

पडताळा
*एकाच झटक्यात ताळा?*

तिन्ही मूळ समीकरणांची बेरीज करून एकदाच ताळा घेतला तर? वरच्या उदाहरणात ६क्ष + ७य + ५झ = ९९. किमती ठेवल्या की २२२/४ + ११९/४ + ५५/४ = ३९६/४ = ९९. एका ओळीत काम झाले.

---

तिसरीओळ
*नाकारायला चालेल, स्वीकारायला नाही*

बेरीज जुळली नाही तर उत्तर नक्की चूक. पण बेरीज जुळली म्हणून उत्तर बरोबर ठरत नाही, कारण एका समीकरणातली तूट दुसऱ्यातल्या वाढीने भरून निघू शकते. धाग्यातलीच पहिली जोडी घ्या. बेरीज ८क्ष + २य = १८. (१, ५) ठेवा: ८ + १० = १८, जुळले. प्रत्यक्षात ३ + २० = २३ आणि ५ − १० = −५. एकीकडे १३ जास्त, दुसरीकडे १३ कमी.

वेळ कमी असेल तर असे करा: ज्या समीकरणातून शेवटचे चल काढले ते सोडा, बाकीची एकेक करून तपासा. तीन चलांत दोनच ताळे पडतात.

---

घातांक
*क्रेमरच्या पद्धतीतला ताळा वेगळा वाचायचा*

क्रेमरची पद्धत १७५० मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात निश्चयक (नि) काढतात; दोन चलांत तो म्हणजे सहगुणकांच्या तिरक्या गुणाकारांची वजाबाकी. क्ष च्या सहगुणकांच्या जागी उजव्या बाजू ठेवल्या की नि(क्ष), य च्या जागी ठेवल्या की नि(य); मग क्ष = नि(क्ष)/नि, य = नि(य)/नि. दोन चलांसाठी ती आटोपशीर आहे. तीन चलांना ३ × ३ चे चार निश्चयक काढावे लागतात, तिथे मी लोप पद्धतच सुचवेन.

हिचा एक गुण फारसा सांगितला जात नाही. क्ष आणि य दोन्ही स्वतंत्रपणे येतात, एक दुसऱ्यावरून काढलेले नसते. त्यामुळे दोन्ही समीकरणांतले ताळे अर्थपूर्ण असतात आणि चूक कुठल्या निश्चयकात आहे हेही त्यांवरून कळते. पहिलीच जोडी:

नि = ३ × (−२) − ४ × ५ = −२६
नि(क्ष) = १० × (−२) − ४ × ८ = −५२
नि(य) = ३ × ८ − १० × ५ = −२६

क्ष = २, य = १. आता चुका करून बघू.

नि चुकला, समजा −६ + २० = १४ घेतला. क्ष = −२६/७, य = −१३/७. डाव्या बाजू −१३०/७ आणि −१०४/७ येतात. १० ची आणि ८ ची दोन्हीकडे −१३/७ पटच झाली आहे. दोन्ही बाजू एकाच पटीत बिघडल्या की नि पुन्हा काढा, बाकीचे दोन बहुधा ठीक असतात.

फक्त नि(क्ष) चुकला, समजा −२० + ३२ = १२ घेतला. क्ष = −६/१३, य = १. डाव्या बाजू ३४/१३ आणि −५६/१३. १० पासून ९६/१३ ने कमी, ८ पासून १६०/१३ ने कमी. ९६ : १६० म्हणजे ३ : ५, आणि हेच क्ष चे सहगुणक. फरक क्ष च्या सहगुणकांच्या प्रमाणात असेल तर क्ष मध्ये चूक, य च्या सहगुणकांच्या प्रमाणात असेल तर य मध्ये.

एक समीकरण ५क्ष − २य − ८ = ० असे दिले होते आणि स्थिरपद −८ तसेच घेतले: क्ष = −६/१३, य = ३७/१३. पहिले समीकरण जुळते, दुसऱ्यात −८ येते. चिन्ह उलटे दिसले की स्थिरपद उजवीकडे न्यायचे राहिले आहे.

---

शून्यछेद
*निश्चयक शून्य असेल तेव्हा*

घातांक, फरकाचे प्रमाण बघण्याची सूचना लोप पद्धतीतही कामाची आहे. आभार.

नि = ० असेल तर ताळा एकटा पुरेसा नाही. २क्ष − ३य = ७ आणि ४क्ष − ६य = १४ या जोडीत (५, १) दोन्हीकडे जुळते. (२, −१) सुद्धा जुळते. "ही एक उकल आहे" एवढेच ताळा सांगतो, "हीच एकमेव उकल" हे सांगत नाही. ते सांगतो निश्चयक: २ × (−६) − (−३) × ४ = ०, म्हणजे रेषा समांतर किंवा एकच; (५, १) दोन्हींवर आहे, म्हणून एकच. उजवीकडे १४ ऐवजी १५ असते तर रेषा समांतर झाल्या असत्या आणि उकल नसती.

तीन चलांत एक चुकीचा नियम सर्रास वापरला जातो: चारही निश्चयक शून्य आले की अनंत उकली. तसे नाही. क्ष + य + झ = १, क्ष + य + झ = २, क्ष + य + झ = ३ घ्या. चारही निश्चयक शून्य, उकल एकही नाही. नि = ० आला की क्रेमर बाजूला ठेवून लोप करायचा. ० = ० अशी ओळ आली तर एक अट जादा होती. ० = ५ अशी ओळ आली तर उकल नाही.

तीन चलांतले प्रत्येक समीकरण म्हणजे एक प्रतल (सपाट पृष्ठभाग). अशा तीन प्रतलांत कोणतीही दोन समांतर नसतानाही उकल नसू शकते:

क्ष + २य + ३झ = ६
२क्ष + य + झ = ४
३क्ष + ३य + ४झ = ११

पहिल्या दोघांची बेरीज ३क्ष + ३य + ४झ = १०. तिसरे म्हणते ११. दोन-दोन प्रतले रेषेत छेदतात, पण त्या तीन रेषा एकमेकींना समांतर राहतात. सहगुणकांची गुणोत्तरे दोन-दोन समीकरणांत तपासणाऱ्याला हे कधीच दिसणार नाही.

---

घातांक
*दशांश अपूर्णांक : फरक लहान, चूक मोठी*

आतापर्यंतचे सगळे अचूक आकडेमोडीला लागू आहे. दशांशात, कॅल्क्युलेटरवर किंवा मोजमापाच्या आकड्यांवर ताळा "जवळजवळ" जुळतो. जवळजवळ म्हणजे किती, हा प्रश्न तिथे येतो.

क्ष + य = २
क्ष + १.०००१य = २.०००१

उकल (१, १). आता (२, ०) ठेवून पाहा. पहिले समीकरण तंतोतंत जुळते. दुसऱ्यात २ येते, हवे २.०००१. फरक फक्त ०.०००१, आणि उत्तर एका पूर्ण एककाने चुकलेले! उजवी बाजू २.०००१ ऐवजी २.०००२ केली तर खरी उकल (०, २) होते. चौथ्या दशांशस्थळी एकाचा बदल आणि उत्तर पार बदलले. दोन रेषांचे चढ जवळपास सारखे आहेत, म्हणून छेदनबिंदू जराशा धक्क्याने लांब सरकतो. आकडे मोजमापातून आलेले असतील तर अशा जोडीचे उत्तर चार स्थळांपर्यंत लिहिण्यात अर्थ नाही.

निश्चयक लहान म्हणजे जोडी अशी नाजूक, असेही धरू नका. पहिल्या जोडीला ०.०१ ने गुणा: ०.०३क्ष + ०.०४य = ०.१०, ०.०५क्ष − ०.०२य = ०.०८. निश्चयक −०.००२६ झाला, पण रेषा त्याच आहेत, उकलही तेवढीच भक्कम. निश्चयकाचा आकार समीकरण कुठल्या एककात लिहिले त्यावर बदलतो. पाहायचे ते चढांमधले अंतर.

दुसरा धोका लोपासाठी कोणती ओळ निवडली यात आहे:

०.०००१क्ष + य = १
क्ष + य = २

प्रत्येक पायरीला तीनच सार्थ अंक ठेवले असे समजा. पहिल्या ओळीला १०००० ने गुणून दुसरीतून वजा केले की य चा सहगुणक −९९९९ आणि उजवी बाजू −९९९८. तीन अंकांत दोन्ही −१००००. य = १, आणि पहिल्या समीकरणावरून क्ष = ०. खरी उकल क्ष = १.०००१, य = ०.९९९९, दोन्ही सुमारे. पहिल्यात ताळा जुळतो (शून्यछेद यांनी सांगितलेले कारण तेच), दुसऱ्यात १ येते, हवे २. आता ओळींची अदलाबदल करा. क्ष + य = २ वर ठेवून लोप केला तर त्याच तीन अंकांत क्ष = १, य = १ येते. म्हणून दशांशात काम करताना त्या स्तंभातला सर्वांत मोठा सहगुणक असलेली ओळ वर घ्यायची. पूर्णांकांत मात्र तिसरीओळ यांच्यासारखी १ ची ओळ वर घेणेच सोयीचे.

---

रेषाखंड
*मोठे आकडे असतील तर*

पूर्णांकांचे मोठे गुणाकार तपासायला नवाचा ताळा चालतो. ३४७क्ष + २१८य = ४९२९ मध्ये क्ष = २३, य = −१४. अंकमुळे (एकच अंक उरेपर्यंत संख्येतले अंक मिळवत जायचे): ३४७ → ५, २३ → ५, गुणाकार २५ → ७. २१८ → २, १४ → ५, गुणाकार १० → १. ७ − १ = ६, आणि ४९२९ → २४ → ६. जुळले. ४९२९ च्या जागी ४९९२ लिहिले असते तरी हा ताळा जुळला असता, हे लक्षात असू द्या. अंकांची अदलाबदल त्याला कळत नाही.

---

तिसरीओळ
*शाब्दिक उदाहरणांत ताळा वाक्यात घ्यायचा*

हा मुद्दा राहून जाऊ नये. शाब्दिक उदाहरणात समीकरणे आपण तयार केलेली असतात, म्हणून "मूळ" म्हणजे प्रश्नातली वाक्ये.

दोन अंकी संख्येच्या अंकांची बेरीज ९, अंकांची अदलाबदल केली की संख्या २७ ने वाढते. दशकाचा अंक क्ष, एककाचा य. क्ष + य = ९, आणि (१०य + क्ष) − (१०क्ष + य) = २७, म्हणजे य − क्ष = ३. संख्या ३६. वाक्यात ताळा: ३ + ६ = ९, आणि ६३ हे ३६ पेक्षा २७ ने जास्त. वजाबाकी उलट मांडली असती तर क्ष − य = ३ होऊन ६३ आले असते. त्या समीकरणांत ६३ व्यवस्थित बसते, वाक्यात बसत नाही, कारण अदलाबदलीनंतर संख्या घटते.

बेरीज ९ ऐवजी ८ दिली असती तर क्ष = २.५, य = ५.५. समीकरणे जुळतात, पण असे अंक नसतात. मिश्रणाचेही तसेच. २० टक्के आणि ५० टक्के द्रावणांपासून ३० टक्क्यांचे १२ लिटर करायचे तर ८ आणि ४ लिटर: १.६ + २ = ३.६, बरोबर. त्याच दोघांपासून ६० टक्क्यांचे मागितले तर −४ आणि १६ लिटर येते. समीकरणांना त्यात काही वावगे दिसत नाही, पण ५० पेक्षा तीव्र द्रावण या दोघांपासून होऊच शकत नाही.

---

पडताळा
*दोन वेगळी दिसणारी उत्तरे*

शेवटचा प्रश्न. २क्ष − ३य = ७ च्या जोडीचे उत्तर एकाने (२ + ३ट, −१ + २ट) लिहिले, दुसऱ्याने (५ − ६ट, १ − ४ट). ट ही कोणतीही संख्या. कोणाचे बरोबर?

---

शून्यछेद
*दोघांचेही*

आधी ट सकट मूळ समीकरणात ठेवा. ४ + ६ट + ३ − ६ट = ७. १० − १२ट − ३ + १२ट = ७. दोन्हीकडे ट पूर्ण नाहीसा झाला पाहिजे. तो उरला तर ट चा सहगुणक चुकला, ट गेला पण ७ आले नाही तर स्थिर भाग चुकला. हेच ४क्ष − ६य = १४ मध्येही करा.

मग दोन्ही उत्तरे एकच संच आहेत का ते पाहा. दुसऱ्यातले ट चे सहगुणक (−६, −४) हे पहिल्यातल्या (३, २) च्या −२ पट आहेत, म्हणजे दिशा एक. दुसऱ्यात ट = ० ठेवले की (५, १), आणि पहिल्यात ट = १ ठेवले की तेच. दिशा एक, बिंदू सामाईक, म्हणून रेषा एकच. ट पूर्णांकच असावा अशी अट असती तर मात्र दुसरे उत्तर अपुरे ठरले असते, कारण (२, −१) साठी तिथे ट = १/२ लागतो.